शेऱ्याचा रकाना

२ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नऊला मुलगा नवी गाडी घेऊन आला. फाटकाशी लावली. चहा आणि दोन टोस्ट खाल्ले. दुपारी टॅक्सी बोलावून परत गेला. मी भांडी घासली, दोन पत्रांना उत्तरं लिहिली, कुंड्यांना पाणी घातलं.

किल्ली म्हणून त्याने एक गुळगुळीत काळा तुकडा हातात ठेवला.

"ही कुठे घालायची?"

"कुठेच नाही. जवळ ठेव फक्त. तू आलीस की गाडीला कळतं."

गाडी लांबलचक आहे, पांढरी, आतून हॉटेलसारखी. माझ्यासाठीच घेतली आहे म्हणे.

"महिनाभर दोन्ही चालव," तो म्हणाला. "मग तूच सांग. मी जबरदस्ती करत नाही."

जबरदस्ती करायची असली की तो हे वाक्य आधी म्हणतो. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत. ते २८ तारखेला आमची गाडी बघायला येणार आहेत. ती त्यांना द्यायची असं मुलाच्या मनात पक्कं आहे. तिच्यात त्याचे वडील गेले, म्हणून त्याला ती डोळ्यांसमोर नको. २८ जूनला, रविवारी सकाळी, हे एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले. पुलापलीकडे छातीत कळ आली असावी. गाडी कडेला घेतलेली होती, हँडब्रेक ओढलेला होता, इंजिन बंद होतं. मी तेव्हा घरी झोपलेली होते. ह्यांनी मला उठवलं नाही. का उठवलं नाही, हे मला कळलेलं नाही.

ती गाडी माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणजे छप्पन्न वर्षांची. बत्तीस वर्षं आमच्याकडे आहे. मी कायम शेजारच्या सीटवर. चाक एकदाही हातात घेतलं नाही. मी मागितलं नाही, ह्यांनी दिलं नाही. तशी मला गाडी येते. पाण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होते, नमुने आणायला ऑफिसची व्हॅन मीच चालवायची. मागून मला बाटलीबाई म्हणायचे.

तुलना करायची तर नोंदी हव्यात, म्हणून ही वही. नियम प्रयोगशाळेचेच. दिसलं ते लिहायचं, हवं ते नाही. नोंद चुकली तर खोडायची नाही, पान फाडायचं नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही आणि तारीख.

४ नोव्हेंबर, बुधवार

आधी नवी. बसल्याबरोबर सीट आपणहून पुढे सरकली, आरसे माझ्याकडे वळले. मोठ्या मंडईपर्यंत जाऊन आले. आवाज नाही, धक्का नाही. मागे घेताना पडद्यावर कुंड्यासुद्धा दिसतात. हे चांगलं आहे आणि मी तसं लिहिते.

परतताना गाडी बाईच्या आवाजात म्हणाली, "आपण थकलेले वाटता. कृपया विश्रांती घ्या." पडद्यावर कपाचं चित्र आलं.

चार महिन्यांत हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. नणंदेने, शेजारणीने, पोस्टमनने. आता गाडीनेही.

"तुला कोणी विचारलंय?" मी मोठ्याने म्हटलं.

"माफ करा, मला समजलं नाही."

एवढं तरी बरं. बाकीच्यांनी हे अजून कबूल केलेलं नाही.

मग जुनी. आच्छादन काढलं, चावी फिरवली. दोनदा खोकली आणि गप्प. वीस मिनिटं प्रयत्न केला. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "राहू द्या हो आता, कशाला जिवाला त्रास!" मी आणखी दहा मिनिटं प्रयत्न केला. चालू झाली नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

जुन्या गाडीच्या समोरच्या कप्प्यात ह्यांच्या वह्या सापडल्या. चार. हे मोजणी खात्यात होते, म्हणजे घरात दोघंही नोंदी करणारे. त्यांच्या वह्या असतील हे मला सुचायला हवं होतं. दर पानावर रकाने आखलेले: तारीख, किलोमीटर, तेल-पाणी, काम, शेरा.

पहिले चार रकाने आकड्यांचे. शेरा मात्र गाडी कशी हाताळावी याबद्दल आहे. गाडीला हे माणसासारखंच बोलत. आज रुसली, आज खुशीत आहे, असं. वहीतही तसंच आहे.

"सकाळी तिला घाई चालत नाही. दहा मिनिटं काही विचारू नये. मग आपणहून रुळावर येते."

इथेच माझं चुकलं होतं. मी लगेच चावी फिरवत बसले.

"थंडीत गुडघे कुरकुरतात. तिच्या बाजूची काच वर ठेवावी." म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे असावेत.

"खड्डा दिसला की आधी सांगावं. मग हबकत नाही." गिअर आधीच उतरवावा, असा अर्थ असेल.

"साठच्या वर गेलं की कडी धरते. पन्नासच बरं." दाराची आतली कडी, वेगात हादऱ्याने अडकत असणार. तपासायला हवी. शेजारच्या दाराच्या कडीचा मुलामा पार गेलाय, खालचं पितळ दिसतं. बाकी तीन दारांच्या कड्या नव्यासारख्या आहेत.

"रविवारी झोपू द्यावं. काही झालं तरी." आठवड्यातून एक दिवस गाडीला विश्रांती, हे ठीक. पण तारखा ताडून बघितल्या तर हे जवळजवळ दर रविवारी गाडी काढत होते. स्वतःचाच नियम मोडत होते. ह्यांच्यासारख्या काटेकोर माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं. त्या शेवटच्या रविवारीही नियम पाळला असता तर, असं मनात येतं. ते इथे पुढे लिहीत नाही.

चौथ्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान मी उघडलेलं नाही. त्याला क्लिप लावून ठेवली आहे.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

थंड इंजिनाला पेट्रोल वाढवून देणारा चोक ओढला आणि सूचनेप्रमाणे दहा मिनिटं काही केलं नाही. नुसती बसून राहिले. मग चावी. तिसऱ्या वेळी चालू झाली! चोक तसाच ठेवून आणखी दहा मिनिटं गरम होऊ दिली. गल्लीभर धूर. शेजारणीने खिडक्या धाडधाड लावल्या. मी गॅलरीकडे बघून हात केला.

चौकापर्यंत गेले. स्टेअरिंग जड आहे, दंड दुखतात. पण चाक वळवलं की चाकच वळतं, मध्ये कोणी नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज दुसरी आणि तिसरी वही वाचून काढली.

"आज हसली. कारण कळलं नाही. विचारलं नाही."

"तिचं काहीतरी बिनसलं आहे. तीन दिवस गप्प. खोदून विचारलं की आणखी मिटते. गाडी टेकडीवर नेऊन उभी केली, तासभर नुसते बसलो. उतरताना बरी होती."

"राखाडी रंग शोभतो. सांगायचं राहिलं."

हा शेवटचा शेरा मला समजला नाही. गाडी फिकट हिरवी आहे. पूर्वी राखाडी रंगवायचा विचार असेल.

खरं ते लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. मला राग आला. एका यंत्राकडे हे इतकं लक्ष देत होते. ते हसतं कधी, मिटतं कधी. मला कधी विचारलं नाही काय झालंय म्हणून. बत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्याबद्दल कुठे एक ओळ लिहिली नाही. गाडीवर चार वह्या भरल्या.

जेवण केलं नाही. टोस्ट खाल्ला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी पुन्हा अडली. मिस्त्रींना बोलावलं. तीस वर्षं तेच ही गाडी बघतात. ह्यांचे मित्रच म्हणायचे. बॉनेट उघडून त्यांनी प्लग काढले आणि माझ्यासमोर धरले.

"वहिनी, हे काय? कोळसा झालाय! किती वेळ चोक ओढून ठेवता?"

"दहा मिनिटं."

"दहा! दोन मिनिटांत आत ढकलायचा. कोणी सांगितलं दहा?"

"ह्यांनी. वहीत लिहिलंय." मी वही आणून दाखवली. "'दहा मिनिटं काही विचारू नये.'"

मिस्त्रींनी हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. दोन पानं उलटली. एकदा हसले. मग हसायचे थांबले.

"आणि ते गुडघ्यांचं पण बघून घ्या," मी म्हटलं. "थंडी सुरू होतेय."

"गाडीला गुडघे नसतात, वहिनी."

"पुढचे सांधे म्हणायचं असेल. ह्यांची बोलायची पद्धत तुम्हाला माहीत आहे."

"पद्धत माहीत आहे," ते म्हणाले. वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली. "ही मला नका दाखवू. तुम्हीच वाचा. परत वाचा. सावकाश वाचा."

चहाही न घेता गेले. तीस वर्षांत त्यांना न सापडलेल्या खोडी ह्यांनी टिपून ठेवल्या आहेत, त्याचं वाईट वाटलं असावं. कारागिराचा मान असतो. यापुढे त्यांच्यासमोर वही काढायची नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

ब्रेकची चाचणी. जुन्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानात खडूने रेघ मारली. ताशी चाळीसच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा आणि उतरून पावलं मोजायची. सकाळी एकीची, दुपारी दुसरीची. प्रत्येकी तीन वेळा.

गोदामाचा पहारेकरी खुर्ची घेऊन बघायला बसला. दुपारी म्हणाला, "बाई, सकाळपासून काय शोधताय?"

"मोजतेय."

"कोण जिंकतंय?"

"नवी."

"मग म्हातारीला कशाला पळवताय?"

"तिची पण नोंद हवी."

जुनी एकवीस पावलं, नवी अकरा. दहा पावलांचा फरक. दहा पावलांत एक मूल आरामात रस्ता ओलांडतं. हा फरक मी डोळ्याआड करणार नाही. ब्रेक नवे करावे लागतील. जुन्या गाडीत सीटचे पट्टेही नाहीत.

पट्टे कुणासाठी बसवायचे, असं लिहिल्यावर लक्षात आलं. गाडी तर जाणार आहे, असं सगळे धरून चाललेत. मी धरलेलं नाही असं दिसतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

नवी गाडी घेऊन पुलापलीकडे गेले. ह्यांची गाडी जिथे उभी होती तिथे थांबले. तिथे काही नाही. दगडी कठडा आहे, एक दिव्याचा खांब आहे. बसून राहिले.

फोन वाजला.

"आई, पुलापाशी काय करतेयस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"गाडी दाखवते ना माझ्या फोनवर. चाळीस मिनिटं झाली, हलत नाहीये. काळजी वाटली."

"मी पळून जायच्या वयाची नाही रे आता."

"तसं नाही, आई. तुझ्या सुरक्षिततेसाठीच आहे ते."

"बंद कसं करायचं?"

"अगं, पण..."

"बंद कसं करायचं ते सांग."

ते इथून बंद होत नाही. शोरूमला जावं लागतं. गाडी सुरू केली तर ती म्हणाली की मी थकलेली वाटते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज जुनी घेऊन तिथेच गेले. चोक दोन मिनिटं. मिस्त्री म्हणाले तसं लगेच चालू झाली, म्हणजे ह्यांचा दहा मिनिटांचा आकडा चुकीचा होता. हेही नवल.

सव्वा तास बसले. कोणालाही कळलं नाही. हा पहिला रकाना जुनीच्या बाजूने गेला.

येताना मोकळ्या रस्त्यावर बासष्टपर्यंत नेली आणि कडी हलवून बघितली. अडकत नाही. गाडी थांबवून शेजारच्या दाराची बघितली. तीही नाही. ह्यांच्या इतक्या नोंदी चुकीच्या कशा?

२१ नोव्हेंबर, शनिवार

मुलगा आणि सूनबाई आले. सूनबाईंनी माझी जेवणाची भांडी न विचारता घासून टाकली. त्या कमी बोलतात, आमचं जमतं.

जेवण झाल्यावर मुलाने विषय काढला. या वेळी आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जड गेलं.

"बाबांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. म्हणजे तेवढा वेळ होता त्यांच्याकडे. ही नवी गाडी असती तर तिने आपणहून ॲम्ब्युलन्स बोलावली असती. मी रोज हाच विचार करतो, आई. रोज."

  नोंद करते: या मुद्द्यावर नवी. निर्विवाद.

"त्या सीटवर तू बसतेस तरी कशी?" तो म्हणाला.

"तिथून रस्ता दिसतो."

तो उठून बाहेर गेला. सूनबाई पदार्थ डब्यात भरता भरता म्हणाल्या, "आई, रात्री ते झोपत नाहीत नीट. त्यांना वाटतं तुम्हालाही काही होईल आणि कळणार नाही." मग दारापर्यंत जाऊन वळल्या. "पण ठरवा तुम्हीच. मी सांगितलंय त्यांना."

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकीत थेंब नव्हता. मोठ्या चौकात, ऐन साडेदहाला, गाडी बंद. मागे हॉर्नची रांग. एक जण खिडकीतून डोकं काढून ओरडला, "आजी, म्युझियममध्ये नेऊन ठेवा ते धूड!"

मी खाली उतरले. "ओरडता बरं येतंय. ढकलताही येत असेल ना?"

तो खरंच उतरला. आणखी दोघं आले. गाडी पंपापर्यंत ढकलली. तो गृहस्थ घामाघूम झाला. जाताना गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "माझ्या काकांकडे होती अशी. विकू नका हं." मघाशी म्युझियम म्हणणारा हाच.

नोंद: नवीत असं झालं नसतं. आणि हा माणूस गाडीतून उतरलाही नसता.

२८ नोव्हेंबर, शनिवार

 

ते संग्राहक अकराला आले. पांढरे सुती हातमोजे घालून. सभ्य आहेत, मला काकू म्हणाले. तासभर गाडी बघितली, खाली आडवे होऊन बघितली. माहिती पुष्कळ आहे आणि प्रेमही असावं. मुलगा त्यांच्या मागे मागे उभा होता.

"काकू, सगळं मूळ आहे. कमाल सांभाळली आहे. फक्त शेजारच्या दाराची ही कडी बदलून टाकू. पार झिजली आहे. बाकी तीन बघा, कोऱ्या करकरीत. विचित्रच आहे."

"चालवणार ना तुम्ही?" मी विचारलं.

"छे छे! चालवायची कशाला? हॉलमध्ये ठेवणार. काचेच्या भिंती आहेत, तापमान कायम सारखं."

मी म्हटलं, "मग नाही."

मुलगा म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं. महिनाभर दोन्ही चालवून मग सांगायचं."

"सांगते." मी वही आणली आणि वाचून दाखवलं. आराम, नवी. ब्रेक, नवी, दहा पावलांनी. मागे घेणं, नवी. भरवसा, नवी. अडचणीत मदत बोलावणं, नवी, निर्विवाद. कुठे किती वेळ बसले हे कोणाला न कळवणं, जुनी.

"मग तुझ्याच वहीप्रमाणे नवी जिंकली!"

"हो."

"मग?"

"मग निकाल तो आहे. गाडी हीच राहणार."

"याला काही अर्थ आहे का?" तो त्या गृहस्थांकडे बघून म्हणाला. ते बिचारे हातमोजे काढायला लागले.

"ही चुकते तेव्हा आवाज करते," मी म्हटलं. "नवी चुकत नाही. आणि मी चुकले की तुला कळवते. मला असं घर नको आहे, तशी गाडीही नको."

"आई, हा हट्ट आहे."

"आहे. एकसष्ट वर्षांत पहिलाच आहे. पुरव."

इतकं मोठ्याने मी घरात कधी बोलले नव्हते. शेजारीण गॅलरीत आलेली होती. येऊ दे.

मुलगा पायरीवर बसला. लहानपणी बसायचा तसा. मी त्याच्या शेजारी बसले.  मग मी म्हटलं, "ब्रेक नवे करून घेते. पट्टे बसवते. आणि कुठेही गेले की पोचल्यावर तुला फोन करीन. मी करीन. गाडी नाही."

"रोज?"

"जाईन तेव्हा."

तो नवी गाडी घेऊन गेला. जाताना जुनीच्या बॉनेटवर त्याने हात ठेवला आणि लगेच काढला. बॉनेट काही तापलेलं नव्हतं.

राग अजून आहे. ह्यांचं प्रेम तिच्यावर जास्त होतं, हे वाचून झालंय माझं. तरीही ती इथेच राहील. मी ठरवलंय म्हणून राहील.

२९ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्री सकाळी सामान घेऊन आले. दुपारी तीनपर्यंत चारही चाकांचे ब्रेक केले. पट्टे पुढच्या आठवड्यात.

"रस्त्यावर दाबून बघायला हवेत," ते म्हणाले. "मी चालवतो. तुम्ही बसा शेजारी."

जूननंतर त्या सीटवर मी बसले नव्हते. बसले.

वही काढायची नाही असं ठरवलं होतं, पण कडीची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. "साठच्या वर गेलं की कडी धरते, असं ह्यांनी लिहिलंय. मी तपासली, पण मला काही सापडलं नाही. तुम्ही बघता का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "दाखवतो," म्हणाले.

पुलापलीकडचा सरळ रस्ता. पन्नास. पंचावन्न. साठ. गाडी अंग हलवायला लागली. बासष्टला मी काटा वाचला, तेव्हा माझा हात दारावर होता. मी ठेवला नव्हता, आपणहून गेला होता. कडी घट्ट धरली होती. चारही बोटं त्या उघड्या पितळेवर बसली होती, जिथे झिजलंय बरोबर तिथे. एकेक.

मिस्त्री समोर बघत होते. त्यांनी गाडी पन्नासवर आणली. ह्यांच्यासारखीच.

माझा हात सैल झाला.

"कडी ठीक आहे, वहिनी," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

 ब्रेक उत्तम लागतात.

३० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चारही वह्या जेवणाच्या टेबलावर घेतल्या आणि पहिल्यापासून वाचल्या. सावकाश, सांगितलं होतं तसं.

माझी राखाडी शाल. मावशी गेली तेव्हाचे तीन दिवस. टेकडी मला आठवते. मला वाटलं होतं इंजिन गरम झालं म्हणून थांबलोय. थंडीत माझ्या बाजूची काच हे वर करत, ती मी गुदमरतं म्हणून खाली करायची. खड्डा आला की "आला बरं का" म्हणायची ह्यांची सवय. मला तिची चीड होती. "चाक हवं का विचारावं म्हणतो. बाटलीबाई व्हॅन झकास चालवते. पण तिने मागावं." हे दुसऱ्या वहीत होतं. ९ तारखेला रागाच्या भरात हे पान न वाचताच उलटलं असणार.  

बाराला मुलाला फोन केला. कुठे गेले नव्हते, तरी केला. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी येशील तेव्हा वडिलांची वही वाच. शेऱ्याचा रकाना. गाडीची नाही ती. "मग कसली?" म्हणाला. म्हटलं, वाच म्हणजे कळेल, आणि कळायला महिना लागला तरी चालेल.

मग चौथ्या वहीची क्लिप काढली.

२८ जून, रविवार. किलोमीटर लिहिलेले. तेल बघितलं, टायरमध्ये हवा भरायची आहे. शेरा: "काल उशिरापर्यंत डोळा लागला नव्हता तिचा. आता गाढ आहे. उठवलं नाही. आल्यावर चहा मीच करीन."

पान बराच वेळ उघडं होतं.

मग ही माझी वही मागे उलटवून ९ तारखेवर आले. पट्टी घेतली आणि "बत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्याबद्दल कुठे एक ओळ लिहिली नाही" या वाक्यावर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं. बाजूला सही केली, तारीख घातली.